वाडा कोणाचा?

पुण्याच्या विश्रामबागवाड्यापुढे उभे राहिले म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे नाव हटकून निघते. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. आमची नजर आधी खांबांकडे जाते.

वाड्याचे गणित साधे आहे. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया. भार हा सांगाडा वाहतो. मध्ये चौक मोकळा, म्हणून भोवताली भिंती असूनही आत ऊनवारा खेळतो. विश्रामबागेत असे तीन चौक आहेत. पॅरिसच्या उमरावांची घरेही चौकाभोवतीच असत. परंतु मुख्य इमारत बहुधा चौकापलीकडे, रस्त्यापासून आत. विश्रामबाग मात्र आपला कोरीव सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब थेट रस्त्यावर मांडतो.

वाडा १८०७ च्या सुमारास उभा राहिला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा निघाली, १८७९ मध्ये आगीने बराच भाग खाल्ला, पुढे नगरपालिकेची कचेरी आली. धनी अकरा वर्षांत गेला. वाडा राबता राहिला म्हणून टिकला. तो घडविणाऱ्या सुतारांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

आपल्या कॅम्पातील बराकी युद्धकाळी सैनिकांसाठी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर निर्वासितांनी त्यांत आडभिंती घालून संसार मांडले. त्या भिंती कोणी घातल्या, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. बराक पडल्यावर सांगणारा उरत नाही.