दुभाष्या मागून घ्या

आपल्या खेड्यांतली मुले आता पोटापाण्यासाठी फार लांब जातात. कुणी मुंबईला जातो, कुणी थेट अमेरिकेला. तिकडे सून बाळंत व्हायची झाली, की गावाकडच्या आईला बोलावणे येते. आई डिंकाचे लाडू बांधते, विमानात बसते आणि न्यूयॉर्क शहरात उतरते.

समजा, थंडीचे दिवस आहेत. बाहेर बर्फ पडतो आहे. मुलगा कामावर गेला आहे, सून दवाखान्यात आहे. आणि घर गरम ठेवणारे यंत्र बंद पडले. न्यूयॉर्कमध्ये थंडीत भाड्याचे घर गरम ठेवणे हे घरमालकावर कायद्याने बंधन आहे. त्याने ते केले नाही, तर शहराच्या सरकारकडे तक्रार करता येते. पण आजीला इंग्रजी येत नाही. कचेरीतल्या माणसाला मराठी येत नाही. मग काय करायचे? "लेक आल्यावर बघू," असे म्हणून कुडकुडत बसायचे?

तशी गरज नाही. आजीने दुभाष्या मागावा. दुभाष्या म्हणजे दोन्ही भाषा जाणणारा, इकडचे बोलणे तिकडे सांगणारा माणूस.

न्यूयॉर्क फार मोठे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे सुमारे ८८ लाख लोक मोजले गेले. जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येऊन राहिली आहेत. जवळजवळ पाव लोकांना इंग्रजी नीट येत नाही. तीही कामे करतात, कर भरतात. त्यांचे गाऱ्हाणे कुणी ऐकायचे? म्हणून २००८ साली तिथल्या महापौरांनी हुकूम काढला, की इंग्रजी न येणाऱ्यांना शहराच्या कचेऱ्यांनी भाषेची मदत द्यावी. २०१७ साली शहराने त्याचा कायदाच केला.

कायद्यात दोन गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखाव्या. एक लिहिलेल्या कागदाची. लोकांना नेहमी लागणारे कागद दहा भाषांत करून ठेवायचे. त्या दहांत स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी या भाषा आहेत. आपल्या ओळखीच्या बंगाली आणि उर्दूही आहेत. मराठी मात्र नाही. दुसरी गोष्ट बोलण्याची. टेलिफोनवर निदान १०० भाषांतले दुभाषे मिळाले पाहिजेत. म्हणजे मराठीत छापलेला कागद बहुधा हाती पडायचा नाही, पण मराठी बोलणारा माणूस मागता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

मागायचा कसा? शहर सरकारच्या तक्रारींसाठी तिथे एक फोन आहे. त्याचा नंबर ३११. तो रात्रंदिवस चालू असतो. पलीकडून इंग्रजीत बोलतील. घाबरून फोन ठेवू नये. दोनच शब्द म्हणावे : "मराठी. इंटरप्रीटर." इंटरप्रीटर म्हणजे दुभाष्या. मग थोडा वेळ थांबावे लागते. (आग लागली किंवा जिवावरचे दुखणे असले तर नंबर वेगळा, ९११. तिथेही असाच दुभाष्या मागता येतो.)

एक सांगून ठेवतो. भारतातला माणूस म्हटला, की तिकडे पुष्कळदा हिंदी दुभाष्या जोडून देतात. हिंदी चांगली येत असेल तर हरकत नाही. येत नसेल तर भिडेखातर मान डोलवू नका. पुन्हा म्हणा, "मराठी."

कचेरीत जायचे असेल, तर "मी मराठी बोलते, मला दुभाष्या हवा" एवढे मुलाकडून इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी खिडकीत दाखवायची. मग तिथला कारकून फोन लावतो आणि तिघांचे बोलणे सुरू होते. तुम्ही थोडे बोला, थांबा. दुभाष्या ते इंग्रजीत सांगेल. पुन्हा बोला. दुभाष्याने पदरचे काही घालायचे नाही, काही गाळायचेही नाही. सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. समजले नाही तर "परत सांगा" म्हणायला लाजू नका. कागदावर सही मागितली, तर त्यात काय लिहिले आहे ते आधी दुभाष्याकडून ऐकून घ्या. मगच सही करा.

काहीजण म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? घरात शाळेत जाणारं पोरगं आहे, त्याला फाडफाड इंग्रजी येतं." पण पोराला घरमालकाचा करार काय कळणार? आजीचे दुखणे ते परक्या माणसाला कसे सांगणार? न्यूयॉर्क राज्यात रुग्णालयांना तर नियमच आहे, की तातडीची वेळ सोडता १६ वर्षांखालच्या मुलाला दुभाष्या करू नये.

आपलीच बोली पाहा ना. "सुनेला दिवस गेलेत," असे आपण आनंदाने सांगतो. अर्धवट जाणणारा त्याचा शब्दाला शब्द लावून काय सांगेल? "तिचे दिवस संपले!" हसू येते खरे. पण असे खरेच घडले आहे, आणि ते हसण्यासारखे नव्हते. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणले. घरचे स्पॅनिश बोलणारे. खाण्यातून काहीतरी बाधले असावे, अशा अर्थाचा शब्द त्यांनी वापरला. डॉक्टरांनी त्याचा अर्थ घेतला, की याने नशेचे औषध जास्त घेतले. चांगला दुभाष्या कुणी बोलावला नाही. प्रत्यक्षात मुलाच्या डोक्यात रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत दोन दिवस गेले. मुलगा वाचला, पण त्याचे हातपाय कायमचे गेले.

शहराच्या कचेरीने दुभाष्या दिलाच नाही तर? त्याचीही तक्रार ३११ वरच करता येते. कचेरीचे नाव आणि तारीख टिपून ठेवावी.

आपल्या देशातल्या कचेऱ्यांसाठीही संविधानात एक कलम आहे. त्याचा आकडा ३५०. केंद्राच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे न्यायचे असेल, तर देशाच्या कारभारात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज देता येतो. राज्याच्या अधिकाऱ्याकडे न्यायचे असेल, तर त्या राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तर त्याच भाषेत द्यावे, असे मात्र त्या कलमात लिहिलेले नाही. तेव्हा उत्तर आले, की ते जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.