यादीत नाव कोण देणार?

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आपल्याला माहीत आहे ते बाबासाहेबांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात ते तिथे शिकले. त्यानंतर पन्नास वर्षांनी त्याच विद्यापीठात समलिंगी विद्यार्थ्यांनी आपल्या हक्कांसाठी जे केलं, ते आज आम्ही सांगणार आहोत. ‘हे सगळं हल्लीचं खूळ’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेवढं साल ध्यानात ठेवावं : १९६६.

त्या वर्षी रॉबर्ट मार्टिन हा विद्यार्थी हॉस्टेलवर राहत होता. आपल्याला मुलग्यांचंही आकर्षण वाटतं, हे त्यानं सोबतच्या मुलांपासून लपवलं नाही. त्यांना ते खटकलं आणि त्याला वेगळ्या खोलीत जावं लागलं. आपल्यासारखे आणखीही असतील, त्यांचं एक मंडळ काढावं, असं त्याच्या मनात आलं.

मंडळाला विद्यापीठाची मान्यता हवी होती आणि मान्यतेसाठी सभासदांच्या नावांची यादी. इथेच घोडं अडलं. आपण बचत गटाची यादी बँकेत देतो, तेव्हा अध्यक्ष, सचिव अशी नावं ठळक अक्षरांत लिहितो. पण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि डॉक्टरांच्या पुस्तकात तो मानसिक आजार होता. घरी कळलं तर घर तुटायचं, पुढे नोकरी मिळायची नाही. अशा कागदावर नाव कोण लिहील? खुद्द रॉबर्टसुद्धा घरच्यांना त्रास नको म्हणून या कामात ‘स्टीफन डोनाल्डसन’ हे नाव वापरायचा.

विद्यापीठ यादीवर अडून बसलं. कित्येक महिने असेच गेले. मग रॉबर्टनं एक वाट काढली. विद्यार्थ्यांमधल्या नामवंत पुढाऱ्यांना तो भेटला आणि ‘तुम्ही नावापुरते सभासद व्हा’ म्हणाला. त्यांनी नावं दिली. यादी भरली आणि ज्यांना भीती होती त्यांची नावं गुप्त राहिली. १९ एप्रिल १९६७ रोजी ‘स्टुडंट होमोफाइल लीग’ या मंडळाला मान्यता मिळाली. आम्हाला या साऱ्या कथेत ती नावापुरती सही करणारी मुलं फार मोलाची वाटतात. मोर्चा नाही, घोषणा नाही. दुसऱ्याला आडोसा मिळावा म्हणून केलेली फक्त एक सही. आपल्या वस्तीतही अशा सहीची गरज कुणाला ना कुणाला असतेच.

३ मे रोजी ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली आणि गहजब झाला. विद्यापीठानं मान्यता काढून घेतली नाही, पण मंडळानं मुलांच्या भेटीगाठींचे, करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत, असं बजावलं. म्हणजे चर्चा करा, पण एकमेकांना भेटू नका!

पुढच्या वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात समलिंगी व्यक्तींवर परिसंवाद ठेवला होता. व्यासपीठावर डॉक्टर मंडळी होती, समलिंगी माणूस एकही नव्हता. मंडळाच्या विद्यार्थ्यांनी बाहेर निदर्शनं केली. आमच्याविषयी बोलता, तर आमच्याशी बोला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाईच्या आजाराबद्दल डॉक्टर तिच्या नवऱ्याशीच बोलतो, तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच हे.

पुढचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. न्यूयॉर्कचा तो कायदा १९८० साली तिथल्या कोर्टानं रद्द ठरवला. आपल्याकडे ३७७ कलमाबाबतचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

कोलंबियात १९७० पासून अर्ल हॉल या इमारतीत समलिंगी मुलामुलींच्या नाचाच्या संध्याकाळी होऊ लागल्या. तीन वर्षांपूर्वी ज्याला मनाई होती, तेच आता भर विद्यापीठात चालू झालं. विद्यार्थ्यांनी फर्नल्ड हॉल या हॉस्टेलमध्ये स्वतःसाठी बसण्याउठण्याची एक खोलीही मिळवली. पुढे त्या खोलीला स्टीफन डोनाल्डसनचं नाव दिलं गेलं.