कानात तेल घालून गेलेले ऐकणे परत येते काय?

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. हमाल, टेम्पोचालक, दुकानांतील कामगार दिवसभर हॉर्नच्या गोंगाटात राबतात. शेजारच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तर पेशवाईपासून तांब्यावर हातोडे पडत आले आहेत. असा कष्टकरी घरी येऊन टीव्हीचा आवाज वाढवतो, 'काय म्हणालीस?' असे पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा घरचे चिडतात. पण तो दुर्लक्ष करीत नसतो, त्याला ऐकू येत नसते.

मग कोणी सांगते, कानात बिल्वतेल घाला, सारिवादी वटी घ्या. ही कानाच्या विकारांवरची जुनी औषधे आहेत व आम्हाला त्यांना नावे ठेवायची नाहीत. परंतु आवाजाने आलेल्या बहिरेपणाचे कारण निराळे आहे.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसामध्ये नाही. तेल कानाच्या पडद्यापाशीच थांबते. पडद्याला छिद्र असेल तर ते आत जाऊन कान चिघळण्याचा धोका असतो.

जिंको नावाच्या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क कानातील गुणगुणीवर जगभर विकला जातो. कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये त्यावरील चाचण्या तपासल्या, तेव्हा केवळ गुणगुणीची तक्रार असलेल्यांना त्याचा उपयोग होतो असे दिसले नाही. काही वनस्पतींच्या अर्कांनी प्राण्यांच्या कानाची हानी प्रयोगशाळेत कमी झाली आहे. पण हानी कमी करणे वेगळे आणि मेलेली पेशी जिवंत करणे वेगळे.

म्हणून पगारातले पैसे बाटल्यांवर घालविण्याआधी सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्यावी. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण तेथे उशीर महागात पडतो. गेलेल्या ऐकण्याला श्रवणयंत्राचा आधार मिळतो. ते लावण्यात लाज कसली?

कामाच्या आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे व त्याची भरपाई मागता येते. तपासणीचा कागद त्यासाठी जपून ठेवावा. नुसते तेल घालीत बसलेल्याजवळ पुरावा उरत नाही.

तज्ज्ञांच्या मते ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण १०० डेसिबलचा केवळ पंधरा मिनिटे. कापसाच्या बोळ्याने फारसे भागत नाही, कानात बसणारे इअरप्लग हवेत. कारखान्यात ते मालकाकडे मागावेत. आणि गणपतीच्या ढोलताशांना बोट दाखविताना आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील डीजेही आम्ही विसरू नये. त्या भिंतीसमोर नाचणारी मुले आपलीच आहेत.