‘चॅरिटेबल’ आणि ‘बेनेव्हलंट’

आपल्या ट्रस्टच्या नावातील ‘चॅरिटेबल’ हा शब्द आपण पावतीवर, पाटीवर आणि अहवालावर नित्य वाचतो. त्याच्याच शेजारचा दुसरा शब्द ‘बेनेव्हलंट’. वर्गात अर्थ विचारला तर मुले दोहोंस ‘परोपकारी’ हाच एक शब्द देतात. साध्या बोलण्यात तेवढ्याने भागते. पण मृत्युपत्र किंवा दानपत्र लिहिताना या दोहोंतील भेद ध्यानात घेतला नाही, तर दात्याचे दानच फुकट जाण्याचा संभव असतो. म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. ‘बेने’ म्हणजे चांगले आणि ‘व्होलेन्स’ म्हणजे इच्छिणारा. तेव्हा ‘बेनेव्हलंट’ म्हणजे दुसऱ्याचे भले चिंतणारा. हा मनाचा गुण झाला. ‘चॅरिटी’ हा शब्द ‘कारितास’, म्हणजे प्रेम किंवा जिव्हाळा, यापासून आला. परंतु कायद्याने त्याला ठराविक अर्थ दिला. १८९१ साली इंग्लंडात लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्याचे चार वर्ग सांगितले : दारिद्र्यनिवारण, शिक्षणप्रसार, धर्मप्रसार आणि लोकसमाजाच्या हिताची इतर कामे.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या गृहस्थाने आपल्या जुन्या मित्रांना दरवर्षी मेजवानी देण्यासाठी रक्कम ठेवली, तर ते काम ‘बेनेव्हलंट’ खरे, पण ‘चॅरिटेबल’ नव्हे. त्याच रकमेतून गरीब विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, तर ते दोन्ही होईल. म्हणजे ‘बेनेव्हलंट’चे कुंपण मोठे, ‘चॅरिटेबल’चे लहान.

या कुंपणाचा प्रश्न इंग्लंडात फार मोठ्या रकमेवर आला. केलेब डिप्लॉक नावाचे गृहस्थ १९३६ साली वारले. १९१९ साली केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी उरलेली मिळकत ‘चॅरिटेबल ऑर बेनेव्हलंट’ कामांस द्यावी असे लिहिले होते. व्यवस्थापकांनी दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम शंभरांवर संस्थांना वाटून टाकली. मग नातेवाईक न्यायालयात गेले. १९४४ साली हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने निकाल दिला, की ‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’ घातल्यामुळे पैसा निव्वळ ‘बेनेव्हलंट’ कामालाही देता येतो. त्या कामांना निश्चित मर्यादा नाही. सबब ते दान रद्द. पुढील निकालानेही नातेवाइकांचा हक्क मान्य झाला आणि पैसे घेतलेल्या संस्थांवर ते परत करण्याची पाळी आली. ‘ऑर’च्या जागी ‘अँड’ असते, तर दान बहुधा टिकले असते. १९०४ साली तशाच शब्दांचे एक दान तेथील न्यायालयाने मान्य केले होते.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंबईच्या एका मृत्युपत्रात मिळकत ‘धरम’साठी ठेवली होती. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो शब्द फार मोघम ठरवून ते दान रद्द केले. आपल्या लोकांना ‘धर्म’ म्हटले की पाणपोई, अन्नछत्र डोळ्यांपुढे येते. न्यायाधीशांना तेवढ्यावर विसंबता आले नाही. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने ही अडचण दूर केली : ‘धर्म’, ‘धर्मादाय’, ‘पुण्यदान’ असे शब्द केवळ मोघम आहेत एवढ्याच कारणाने विश्वस्तव्यवस्था रद्द ठरत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण हा कायदा सर्व प्रांतांत लागू नाही.

मराठीत ‘बेनेव्हलंट’ला ‘परोपकारी’ आणि ‘चॅरिटेबल’ला ‘धर्मादाय’ म्हटले, तर घोटाळा पुष्कळसा टळेल. नोकरवर्गाच्या ‘बेनेव्हलंट फंडा’त सभासद आपसांत वर्गणी काढून एकमेकांच्या कुटुंबांस हात देतात, तो चांगला असला तरी तेवढ्याने धर्मादाय होत नाही.

तेव्हा ज्यांना आपल्या पश्चात काही ठेवायचे असेल, त्यांनी ‘चांगल्या कामासाठी’ एवढेच लिहून थांबू नये. विद्यार्थ्यांच्या फीसाठी, रुग्णांच्या औषधासाठी, असे काम नेमके सांगावे आणि कागद जाणत्या वकिलास दाखवावा. दात्याच्या मनातील इच्छा त्याच्या माघारी कागदावरच्या शब्दांनीच वाचली जाते.