चिखलातून आलेला गुलाबी रंग

मार्च महिन्यातली एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. परीक्षा तोंडावर आली आहे. वडाळ्याला भक्ती पार्कच्या बाजूने तुम्ही शाळेला निघाला आहात. एकीकडे उंच इमारती, दुसरीकडे तिवरांची झाडी. सहज मान वर करता, तो डोक्यावरून पन्नासएक मोठे पक्षी ओळीने जाताना दिसतात. पंखांत गुलाबी-लाल रंग, कडा काळ्या. पेपराची काळजी क्षणभर विसरायला होते!

हे बगळे तर नसतील? नाही. बगळा उडताना मान आखडून घेतो. या पक्ष्यांची मान पुढे आणि पाय मागे अगदी सरळ ताणलेले असतात. हे आहेत रोहित, म्हणजेच अग्निपंख किंवा फ्लेमिंगो.

पण गजबजलेल्या मुंबईत ते कशासाठी येतात? उत्तर वडाळ्याच्या शेजारीच, शिवडीच्या किनाऱ्यावर आहे. ओहोटी लागली की तेथे चिखलाची विस्तीर्ण सपाटी उघडी पडते. आपण नाक मुरडतो त्या चिखलात सूक्ष्म शैवाल आणि बारीक जीव विपुल असतात. १९९० च्या दशकापासून रोहित येथे मोठ्या संख्येने दिसू लागले. साधारणपणे ते हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. येथे मोठा रोहित व छोटा रोहित अशा दोन्ही जाती दिसतात. कच्छचे रण हे त्यांच्या विणीचे प्रसिद्ध ठिकाण आहे.

त्यांची खाण्याची रीत मोठी गमतीची आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो. जिभेच्या जलद हालचालीने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यांत अन्न अडकते. आपली चहाची गाळणीच म्हणा ना!

या अन्नातच गुलाबी रंगाचे रहस्य आहे. शैवालात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये असतात. गाजराचा केशरी रंगही याच कुळातला. पक्ष्याच्या शरीरात या द्रव्यांवर प्रक्रिया होते आणि ती पिसांत साठतात. रोहिताचे पिल्लू जन्मतः करडे असते. गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात. प्राणिसंग्रहालयात आहारात ही द्रव्ये मिळाली नाहीत, तर मोठे पक्षीही फिके पडतात. म्हणजे तुम्ही पाहिलेला रंग हा खरोखर चिखलातून आलेला रंग होय.

आता थवा त्याच वेळी का उडाला, ते पाहू. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग पक्षी विसाव्यासाठी दुसऱ्या पाणथळ जागा गाठतात व ओहोटीला परततात. त्यांचे घड्याळ सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक चालते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज भरती सकाळी ८ वाजता असेल, तर उद्या ८ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास. म्हणून आज थवा दिसला, तरी उद्या त्याच वेळी दिसेलच असे नाही.

या ये-जा करण्यात धोकेही आहेत. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ एका विमानाची थव्याला धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. परंतु हे अभयारण्य ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यान आहे. शिवडीचा चिखल त्याबाहेर राहतो. पक्ष्यांना मात्र नकाशावरची रेघ दिसत नाही. त्यांना खाण्याची जागा हवी, तशीच विसाव्याचीही. यांतली एक जरी बुजली, तरी दुसरीचा उपयोग कमी होतो.

शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करून पाहा. हिवाळ्यानंतर पंधरा दिवस थवा कधी दिसला, कोणत्या दिशेला गेला, याची वहीत नोंद ठेवा. शेजारी त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. दोन्ही रकाने ताडून पाहा. रोहितांचे वेळापत्रक तुमचे तुम्हांलाच उलगडू लागेल.