दाखल्यावरची माणसे

जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि वाद पुन्हा त्याच इंग्रजी शब्दांत सुरू झाला: ओपन, ओबीसी, क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस. ही भाषा रुजली नव्वदच्या दशकात. त्याआधी ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागासांची) फीमाफी सोडली, तर मराठी घरांत अशी आद्याक्षरे फारशी शिरली नव्हती. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशींच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींचे २७ टक्के आरक्षण उचलून धरले, पण त्यांच्यातला सुखवस्तू थर, म्हणजे क्रीमी लेयर, वगळायला लावली. पुढच्याच वर्षी तिची उत्पन्नमर्यादा एक लाख रुपये ठरली. १९९७ मध्ये रेशनवर बीपीएल-एपीएल आले, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी, पांढऱ्या शिधापत्रिका. दशक सरता सरता आपली सामाजिक जागा तहसील कचेरीच्या दाखल्यावरून सांगायची सवय लागली.

त्यात सर्वांत मोठे नुकसान ‘ओपन’ने केले. खुली जागा कायद्याने सर्वांची. गुणांवर मागासवर्गीय उमेदवारही तिथे निवडला जातो. बोलण्यात मात्र ‘ओपनचा’ म्हणजे उच्चवर्णीय, आणि त्याला जणू जातच नाही, जातीचा फायदाही नाही! त्या काळच्या गुणवत्तेच्या साऱ्या गर्जना या लबाडीवर उभ्या होत्या. यावर कोणी म्हणेल, जुने जातिवाचक शब्द जिव्हारी लागायचे, आद्याक्षरांनी निदान अपमान टळला. हे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण अपमान टाळणारा शब्द विषमताही झाकू लागला, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे.

२०१९ मध्ये आलेल्या ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांची, उत्पन्नमर्यादा पाहा: आठ लाख. क्रीमी लेयरचीही तीच. म्हणजे तोच आकडा एकाला दुर्बल ठरवतो आणि दुसऱ्याला सुखवस्तू. मोजण्याची रीत वेगळी आहे, असा खुलासा होतो. तोही बरोबर: ओबीसींच्या उत्पन्नचाचणीत पगार आणि शेती धरत नाहीत, ईडब्ल्यूएसमध्ये दोन्ही धरतात. पण मग हा फरक शब्दांतून कुठे कळतो? ईडब्ल्यूएसच्या ‘फॅमिली’त आईवडील, जोडीदार, अठरा वर्षांखालील भावंडे आणि मुले बसतात, ज्या आजीच्या औषधांवर घराचा पैसा जातो, ती बसत नाही. म्हणून नव्या जनगणनेचे आकडे आले की त्यांच्यावर पुन्हा आद्याक्षरांची झूल नको. कोणत्या जातीकडे किती जमीन, किती कायम नोकऱ्या, किती शिक्षण, हे सरळ मराठीत छापावे. आरक्षणाचा वाद मग निदान खऱ्या प्रश्नावर होईल.