झलक आणि अपेक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपल्याकडे म्हणतात. परंतु ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट आहे. शीत त्याच भांड्यांतलें असावें, आणि तें मुद्दाम निवडून काढलेलें नसावें. नव्या मालिकेची झलक, म्हणजे ज्याला ट्रेलर म्हणतात तो, पाहून प्रेक्षक मनोरे बांधूं लागतात, तेव्हां नेमकी हीच अट विसरली जाते. याचें एक बोधप्रद उदाहरण आज पाहूं.

अमेरिकेंत टेक्सास राज्यांतील ऑस्टिन येथें ‘रूस्टर टीथ’ नांवाची चित्रसंस्था होती. इंटरनेटवरून दाखविण्यासाठीं तिनें ‘रूबी’ ही ॲनिमेशन मालिका, म्हणजे संगणकावर रचलेल्या हलत्या चित्रांची कथा, योजिली. तिचा जनक माँटी ऊम. चपल द्वंद्वयुद्धें चितारण्यांत त्याचा हातखंडा होता.

नोव्हेंबर २०१२ ते जून २०१३ या काळांत मालिकेचे चार ट्रेलर प्रसिद्ध झाले. तांबडा, पांढरा, काळा व पिवळा असे चार रंग, आणि प्रत्येक रंगाची एकेक नायिका. पहिली बर्फाच्छादित रानांत लांडग्यांसारख्या श्वापदांशीं लढते. तिचा लांब दांड्याचा प्रचंड विळा क्षणांत बंदूक होतो. दुसरी रंगमंचावर गाते आणि चिलखतधारी महाकाय योद्ध्याशीं झुंजते.

हे तुकडे मालिकेंतून कापून घेतलेले नव्हते. ते स्वतंत्र रचलेले होते. शिवाय पहिल्या दोहोंत संवाद नव्हते. निर्मात्याला जें उत्तम साधत होतें तेंच प्रथम पुढें आलें. कथेची बांधणी व स्वभावचित्रण यांची कसोटी अद्याप व्हावयाची होती. ती रिकामी जागा प्रेक्षकांनीं आपापल्या कल्पनेनें भरली.

१८ जुलै २०१३ रोजीं मालिका सुरू झाली. पहिल्या खंडांत १६ लहान लहान भाग होते. त्यांत नायिका विद्यालयांत दाखल झाल्या. बोलूं, भांडूं, मैत्री करूं लागल्या. गर्दींतील पुष्कळ माणसें मात्र नुसत्या काळ्या छायाकृती म्हणून दिसत. कारण उघड आहे. कांहीं मिनिटांच्या लढाईवर जेवढे श्रम ओततां येतात, तेवढे लहानशा मंडळीला संबंध मालिकेवर ओततां येत नाहींत. कित्येक प्रेक्षक हिरमुसले.

आतां हा दोष कोणाच्या माथीं मारावा? ट्रेलरनें खोटें सांगितलें नव्हतें. लढायांचें वचन मालिकेनें पाळलें. मोडलीं तीं प्रेक्षकांनीं स्वतः रचलेलीं स्वप्नें. म्हणून ट्रेलर पाहणारानें, यांत काय दाखविलें एवढेंच न विचारतां, काय दाखविलें नाहीं हेंही विचारावें.

१ फेब्रुवारी २०१५ रोजीं ऊमचें निधन झालें. वय अवघें ३३ वर्षांचें. सहकाऱ्यांनीं मालिका पुढें चालविली आणि २०२३ मध्यें तिचा नववा खंड निघाला. २०२४ सालीं रूस्टर टीथ बंद पडली व मालिकेचे हक्क ‘विझ मीडिया’नें घेतले. केवळ झलकेच्या मोहानें आलेला प्रेक्षक एवढीं वर्षें थांबत नाहीं. जो थांबला, तो त्या चार मुलींचें पुढें काय होतें या ओढीनें. आणि ही ओढ कोणत्याही ट्रेलरमध्यें आगाऊ दाखवितां येत नाहीं. तेव्हां शीत अवश्य चाखावें, पण भात पानांत पडेपर्यंत निकाल राखून ठेवावा.